४८ तासांत एक कथा : वेळ बांधून दिलेल्या लेखन-आव्हानात पहिल्यांदा उतरताना

ठरावीक वेळेत कथा पूर्ण करायच्या आव्हानात पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्याला एकच धास्ती असते : मला इतक्या वेगानं लिहिता येईल का? पण दोन दिवसांत हजार शब्द लिहायला फारसा वेग लागत नाही. अडचण येते ती कथेच्या आकारामुळे. डोक्यात तीन पिढ्यांची गोष्ट घोळत असते आणि जागा असते दोन-तीन पानांची. मग पहिला दिवस पार्श्वभूमी सांगण्यात जातो, दुसरा दिवस ती उरकण्यात जातो आणि शेवट सारांशासारखा होतो. पुढचा सगळा सल्ला म्हणूनच एका गोष्टीभोवती फिरतो. वेळ कमी असेल तर कथा लहान करा, लिहिण्याचा वेग आहे तोच राहू द्या.

कोणतं आव्हान घ्यायचं?

या आव्हानांचे ढोबळ तीन प्रकार आहेत आणि तिन्हींची मागणी वेगळी आहे.

सगळ्यात लहान म्हणजे स्प्रिंट. घड्याळ लावायचं, १५ ते ३० मिनिटं फक्त लिहायचं, वेळ संपली की थांबायचं. एकट्यानं करता येतं, चार जण मिळूनही करता येतं. फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मांडलेली पोमोदोरो पद्धत, म्हणजे २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती, अनेक लेखक स्प्रिंटसाठी वापरतात.

दुसरा प्रकार २४, ४८ किंवा ७२ तासांचा. यात विषय आयत्या वेळी मिळतो. ‘एनवायसी मिडनाइट’ या लेखनस्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या फ्लॅश फिक्शन, म्हणजे अगदी छोट्या कथांच्या, स्पर्धेत स्पर्धकाला कथाप्रकार, स्थळ आणि वस्तू अशा तीन गोष्टी नेमून दिल्या जातात आणि ४८ तासांत जास्तीत जास्त १००० शब्दांची कथा पाठवायची असते. याच कुळातली, पण फार दमवणारी स्पर्धा म्हणजे कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९७७ साली सुरू झालेली तीन दिवसांत कादंबरी लिहिण्याची स्पर्धा. तिथे आराखडा आधी करायला मुभा होती, मजकूर मात्र त्या तीन दिवसांतच लिहायचा.

तिसरा प्रकार महिनाभराचा. १९९९च्या जुलैमध्ये अमेरिकेत क्रिस बेटी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी, एकूण २१ जणांनी, महिन्याभरात कादंबरी लिहायचा घाट घातला. पुढच्या वर्षी तो उपक्रम नोव्हेंबरमध्ये गेला आणि ‘नॅनोरायमो’ या नावानं जगभर पसरला : ३० दिवस, ५०,००० शब्द. ती संस्था बंद होत असल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. पण आव्हानाची रीत कोणाच्या मालकीची नाही. कोणताही महिना निवडून ते आजही करता येतं.

नवख्यानं दुसऱ्या प्रकारापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. स्प्रिंटमध्ये लिहिण्याची सवय लागते, पण कथा पूर्ण होतेच असं नाही. महिन्याचं आव्हान मोठं असल्यानं कुठे चुकलं हे कळायलाच तीन आठवडे जातात. ४८ तासांत मात्र सुरुवात, मध्य, शेवट, कापणी आणि पाठवणं हा सगळा प्रवास एकदा होतो. एक कथा पूर्ण करून हातावेगळी केल्याचा अनुभव अर्धवट राहिलेल्या दहा कथांपेक्षा जास्त शिकवतो.

नियम वाचा, आणि पैसे भरण्याआधी वाचा

नियमावलीत चार ठिकाणी थांबून वाचा. पहिलं, मुदत कोणत्या देशाच्या वेळेनुसार आहे. ‘रात्री ११:५९’ लिहिलेलं असतं, पण ती रात्र तुमची नसते. तुमच्या घड्याळात किती वाजलेले असतील ते काढून कागदावर लिहा आणि समोर लावा.

दुसरं, शब्दमर्यादेत शीर्षक धरलं जातं का आणि मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची. देवनागरीत लिहिणाऱ्यासाठी हा मुद्दा मोठा आहे. संगणक बहुधा मात्रा, अनुस्वार आणि हलन्त स्वतंत्र मोजतो. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, त्याची सहा चिन्हं होतात. मर्यादा अक्षरांची असेल तर आयोजक ज्या पद्धतीनं मोजतात त्याच पद्धतीनं आपणही मोजून पाहायचं.

तिसरं, कथेवरचे हक्क. स्पर्धा संपल्यावर कथा तुमचीच राहते का? आयोजक ती छापणार असतील तर एकदाच की कायमची? कथा सर्वांना दिसेल अशी प्रसिद्ध झाली, तर पुष्कळ मासिकं आणि दिवाळी अंक ती ‘पूर्वप्रकाशित’ धरतात. हे माहीत असून पाठवणं वेगळं आणि नंतर कळणं वेगळं. चौथं, लिहिताना एआय साधनांची मदत चालते का. याबद्दल प्रत्येक ठिकाणचा नियम निराळा असतो, तो गृहीत धरू नका.

प्रवेशशुल्क असेल तर त्याबदल्यात काय मिळतं ते पाहा. परीक्षकांचा लेखी अभिप्राय मिळत असेल तर नवख्या लेखकासाठी तो बक्षिसाच्या रकमेपेक्षा मोलाचा आहे.

घड्याळ सुरू होण्याआधी

विषय माहीत नसला तरी तयारी करता येते. सगळ्यात उपयोगी तयारी म्हणजे स्वतःची गती जाणून घेणं. चार-पाच वेगवेगळ्या दिवशी वीस मिनिटांचं घड्याळ लावून काहीही लिहा आणि शब्द मोजा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडे सोडा, मधला घ्या. वीस मिनिटांत तुमचे २०० शब्द होत असतील तर हजार शब्दांचा कच्चा खर्डा पावणेदोन तासांत होतो. हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की ४८ तास फार मोठे वाटू लागतात, आणि ते तसे आहेतच.

दुसरी तयारी म्हणजे तुम्हाला आतून ठाऊक असलेल्या जगांची यादी. तुम्ही केलेलं काम, घरातल्या कोणाचा व्यवसाय, लहानपणी शिकलेली कला, दवाखान्यात काढलेले दिवस, जे काही असेल ते. ज्या जगातली हत्यारं, वास आणि भांडणं तुम्हाला विचार न करता आठवतात, ती सगळी यादीत यायला हवीत. दोन दिवसांत संशोधनाला वेळ नसतो, म्हणून अचूक तपशील हाताशी लागतात.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण १८६६ मधलं आहे. कर्जात बुडालेल्या दोस्तोयव्हस्की या रशियन कादंबरीकारानं प्रकाशकाशी भयंकर करार केला होता : १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं त्याचं लेखन काहीही मोबदला न देता छापायचा हक्क प्रकाशकाला मिळणार. ऑक्टोबर उजाडला तरी कादंबरीची सुरुवात झालेली नव्हती. मग त्यानं आना स्निटकिना या तरुण लघुलेखिकेला (स्टेनोग्राफरला) मजकूर सांगायला सुरुवात केली आणि ‘जुगारी’ ही कादंबरी २६ दिवसांत पूर्ण केली. हा किस्सा वेगाचा चमत्कार म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरं काही दिसतं. जुगाऱ्याच्या गोष्टीची कल्पना त्यानं तीन वर्षं आधीच एका पत्रात मांडली होती. जुगाराचं जग त्यानं स्वतः भोगलेलं होतं. आणि हाती घेतलेली कादंबरी त्याच्या मानानं आटोपशीर होती. मुदत डोक्यावर असताना त्यानं ओळखीच्या जगातली, बेतानं आखलेली गोष्ट निवडली.

तिसरी तयारी तांत्रिक आहे, पटकन उरकते. युनिकोडमध्येच टाइप करा; जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर चिन्हांचा कचरा होऊन उघडतो. टाइपिंग सावकाश होत असेल तर मराठी व्हॉइस टायपिंग आधीच वापरून पाहा, किंवा सरळ हातानं लिहा आणि शेवटी टाइप करा. पण मग त्या टायपिंगचा वेळ हिशेबात धरा. घरच्यांना सांगून ठेवा की हे दोन दिवस अमुक तास तुम्ही मोकळे नाही.

विषय मिळाल्यावर पहिले तीन तास

या तीन तासांत कथेचं एकही वाक्य लिहू नका. खरं यश किंवा अपयश इथेच ठरतं, म्हणून एक पूर्ण उदाहरण घेऊ. समजा तुम्हाला मिळालं : कथाप्रकार रहस्यकथा, स्थळ दीपगृह, वस्तू चष्मा.

कागदावर सुचेल ते लिहीत जा. पहिल्यांदा येईल दीपगृहात सापडलेलं प्रेत आणि शेजारी फुटलेला चष्मा. मग वादळात विझलेला दिवा, मग तस्करांना दिलेला इशारा. याच विषयावर लिहिणाऱ्या इतरांनाही हे तीनही सुचणार आहेत, म्हणून ते बाजूला ठेवा आणि थोडं पुढे जा. चष्मा कशासाठी असतो? दिसण्यासाठी. दीपगृहातल्या माणसाचं काम काय? पाहणं, आणि पाहिलेलं नोंदवणं. मग ज्याला दिसत नाही असा रखवालदार असला तर?

आता गोष्ट हलली. नवा रखवालदार कामाचा ताबा घ्यायला येतो. टेबलाच्या खणात जुन्या रखवालदाराचा चष्मा सापडतो. काच इतकी जाड, की त्या माणसाला जवळजवळ दिसतच नसणार. पण नोंदवहीत गेल्या दोन वर्षांच्या रोजच्या नोंदी बारीक, रेखीव अक्षरात आहेत : समुद्र कसा होता, किती दूरवरचं दिसत होतं, कोणतं जहाज कधी गेलं. मग या नोंदी कोणी केल्या? रहस्य तयार झालं, खून न होता. आणि दिलेली वस्तू शोभेला न राहता प्रश्न तिच्यातूनच उभा राहिला. परीक्षक नेमकं हेच पाहतात : वस्तू काढून टाकली तर कथा कोसळते का?

यानंतर कथा लहान करायची, आणि हे मनाविरुद्ध करावं लागतं. जुन्या रखवालदाराचं लग्न, त्याची नजर कशी गेली, नव्या माणसाचं बालपण, सगळं मोहात पाडतं. स्वतःला तीन प्रश्न विचारा. किती माणसं? दोनपेक्षा जास्त नकोत. किती वेळ? एक दुपार. किती जागा? एकच खोली. आपल्या कथेत नवा रखवालदार आणि दर आठवड्याला सामान घेऊन येणारी होडीवाली, एवढी दोनच माणसं पुरतात. होडीवाली सामानाची यादी लिहून देते आणि त्या यादीतलं अक्षर नोंदवहीतल्या अक्षराशी जुळतं. रहस्य उलगडलं.

पण उलगडा हा शेवट नव्हे. नवख्यांच्या बहुतेक रहस्यकथा इथेच थांबतात आणि कोरड्या वाटतात. कोणाला तरी काहीतरी ठरवावं लागलं पाहिजे, आणि त्याची किंमत मोजावी लागली पाहिजे. नव्या माणसानं हे वरिष्ठांना कळवलं तर म्हाताऱ्याचं निवृत्तिवेतन थांबेल आणि होडीवालीचं काम जाईल. कळवलं नाही तर खोट्या नोंदींखाली ताबा घेतल्याची सही त्याला स्वतःला करावी लागेल. आता तुमच्याकडे शेवटचा प्रसंग आहे : वही उघडी, लेखणी हातात, होडीवाली दारात. तो काय करतो हे लिहायला बसण्याआधी ठरवा. शेवट माहीत नसताना सुरू केलेली लांब कादंबरी कधीकधी सुरेख होते. हजार शब्दांच्या कथेला तेवढी भटकंती परवडत नाही.

या तीन तासांच्या शेवटी एका कागदावर चार-पाच ओळी असाव्यात : कोण, कुठे, काय हवंय, काय आड येतंय, काय ठरवतो. एवढाच आराखडा.

कच्चा खर्डा

खर्डा सलग काढा आणि पहिल्याच दिवशी संपवा. वीस-पंचवीस मिनिटांचे स्प्रिंट करून, मध्ये उठून. मागे जाऊन वाक्यं सुधारायची नाहीत. एखादा तपशील माहीत नसेल, समजा दीपगृहाच्या भिंगाचं नाव, तर तिथे तीन फुल्या मारा आणि पुढे जा. शोधायला गेलात की तासाभरानं दीपगृहांचा इतिहास वाचत बसलेले सापडाल. फुल्या मुद्दाम, कारण नंतर त्या एका शोधात सापडतात.

सुरुवात गडबडीच्या जितकी जवळ करता येईल तितकी करा. आपल्या कथेत नवा माणूस होडीतून उतरतोय, जिने चढतोय, वाऱ्याचं वर्णन चाललंय, हे सगळं आकर्षक आहे आणि त्यात तीनशे शब्द सहज जातात. कथा खण उघडण्यापासून सुरू होते. पहिलं वाक्य सुचत नसेल तर शेवटचा प्रसंग आधी लिहा. तो ठरलेलाच आहे.

मर्यादा हजाराची असेल तर खर्डा बाराशेपर्यंत जाऊ द्या. कापायला मजकूर असला की कथा घट्ट होते. अठराशे झाले, तर मात्र वाक्यं कापून भागणार नाही. एखादं माणूस किंवा एखादा प्रसंगच काढावा लागेल.

मग झोपा. रात्रभर जागून लिहिण्याचं या आव्हानांभोवती मोठं कौतुक असतं, आणि मला ते पटत नाही. थकलेला डोळा आपलीच वाक्यं जशी हवी तशी वाचतो, जशी लिहिली आहेत तशी वाचत नाही. दुसऱ्या दिवशी कापणी करायची आहे आणि तिला ताजं डोकं लागतं.

कापणी आणि पाठवणी

सकाळी कथा मोठ्यानं वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे खूण करा. मग या क्रमानं कापा. आधी पहिला परिच्छेद काढून पाहा. पुष्कळदा तो लेखकाला सूर लागावा म्हणूनच आलेला असतो. मग जे संवादातून कळलंय ते निवेदनात पुन्हा सांगितलेलं असेल तर निवेदन काढा. मग ‘त्याला वाटलं’, ‘तिच्या लक्षात आलं’, ‘तो पाहू लागला’ असली वाक्यं : ‘त्याला चष्म्याची काच जाड दिसली’ऐवजी ‘काच जाड होती’ पुरतं. विशेषणं सगळ्यांत शेवटी, कारण ती काढून हाती फार थोडे शब्द लागतात.

शक्य असेल तर एका वाचकाला दाखवा, पण ‘कशी वाटली?’ असं विचारू नका. ‘शेवटी काय झालं ते मला सांग’ म्हणा. त्यानं सांगितलेली गोष्ट तुमच्या मनातल्या गोष्टीशी जुळत नसेल, तर कुठलं वाक्य कमी पडतंय ते लगेच दिसतं.

मुदतीच्या किमान दोन तास आधी कथा पाठवा. नाव कुठे लिहायचं आणि कुठे लिहायचं नाही, फाइलचा प्रकार, शब्दसंख्या, एकदा तपासा. पाठवल्यावर पोच आली का ते पाहा आणि पाठवलेली फाइल तशीच जपून ठेवा.

महिन्याचं आव्हान घ्यायचं असेल तर

इथे सूत्र तेच, फक्त लहान करायचं ते दिवसाचं लक्ष्य. ५०,००० शब्दांना ३० दिवसांनी भागलं की रोज १६६७ येतात, आणि नवखे लेखक हा आकडा भिंतीवर लावतात. पण तीसही दिवस लिहिणं होत नाही. आजारपण येतं, पाहुणे येतात. २५ दिवस धरले तर रोज २००० लागतात. तुमची गती वीस मिनिटांना २०० असेल, तर ते रोजचे तीन तास वीस मिनिटं झाले. हे जमणार नसेल तर लक्ष्य बदला. तसंही ५०,००० हा आकडा इंग्रजीच्या हिशेबानं ठरलेला आहे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच येतात, त्यामुळे तोच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो. ३०,००० शब्दांचं लक्ष्य ठेवून ते गाठणाऱ्यानं कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही.

रोज बसल्यावर काय करायचं, याबाबत अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराची शिस्त मला सर्वांत उपयोगी वाटते. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून तो पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचायचं, मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. त्याच्या वेगाशी बरोबरी करायला जाऊ नका. वाचनाचा तो अर्धा तास मात्र उचला, हवा तर दहा मिनिटांचा करा. कालच्या मजकुराचा सूर कानात बसला की आजचं पहिलं वाक्य आपोआप सुचतं.

दुसऱ्या आठवड्यात उत्साह ओसरतो. नवलाई संपलेली असते, शेवट लांब असतो आणि आधीचं सगळं टुकार वाटू लागतं. अशा वेळी क्रमानं लिहिण्याचा हट्ट सोडा. जो प्रसंग लिहायची तुम्ही वाट पाहत आहात, तो आजच लिहा. मधला पूल नंतर बांधता येतो. मागे जाऊन दुरुस्ती मात्र करू नका. पात्राचं नाव बदलायचं असेल तर वहीत टिपून ठेवा आणि आजपासून नवं नाव वापरा.

निकालापर्यंत आणि निकालानंतर

कथा पाठवल्यावर दोन-तीन आठवडे तिच्याकडे बघू नका. त्याच विषयावर इतरांनी लिहिलेल्या कथा वाचायला मिळत असतील तर जरूर वाचा. एकाच दीपगृहाचं आणि एकाच चष्म्याचं दहा जणांनी काय केलं हे पाहण्याइतकं उत्तम शिक्षण कुठल्याही कार्यशाळेत मिळत नाही. कोणाची कल्पना आवडली तर त्या लेखकाला दोन ओळी लिहून कळवा, आणि नेमकं काय आवडलं ते सांगा. पुढच्या वेळी खर्डा वाचायला देण्याजोगी माणसं अशीच भेटतात.

परीक्षकांचा अभिप्राय आला की त्यातल्या मतांपेक्षा गोंधळाच्या जागांकडे लक्ष द्या. ‘शेवट आवडला नाही’ हे मत आहे. ‘सही कोणाची हे कळलं नाही’ ही माहिती आहे. दोन परीक्षक एकाच जागी अडखळले असतील तर ती जागा दुरुस्त करायचीच.

मग ती कथा पुन्हा उघडा. आता ना मुदत आहे, ना शब्दमर्यादा. कापलेला मजकूर बाराशे शब्दांच्या खर्ड्यात तसाच आहे. होडीवालीनं दोन वर्षं दुसऱ्याच्या नावानं नोंदी का लिहिल्या, याला हजार शब्दांत जागा नव्हती. कथेला त्याची गरज असेल तर ते आता लिहा, दोन हजार शब्द झाले तरी चालतील. हक्क तुमच्याकडे असतील तर ती एखाद्या अंकाकडे पाठवा, आणि पुढच्या आव्हानाची तारीख टिपून ठेवा.